जुनी रायफल घेताना: ३१५ बोअर की जर्मन माउझर?

गोव्यात सत्तरी-सांग्याकडे बागायतवाल्यांत परवान्यावरची जुनी रायफल विकायला निघते, तेव्हा पर्याय बहुधा दोन: आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची ३१५ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) किंवा आजोबांच्या काळातली माउझर.

३१५ ओळखायला सोपी. सांगाडा ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलचाच. बोल्टच्या (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या खिट्टीच्या) दांड्यामागचा नंबर रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाच्या) नंबरशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर बोल्ट दुसऱ्या रायफलचा. मग हेडस्पेस (काडतूस जिथे अडतं तिथून बोल्टपर्यंतचं अंतर) गेजने तपासल्याशिवाय रायफलमध्ये गोळी भरूच नये.

माउझरमध्ये फसवणूक जास्त, कारण भाव जास्त. नळीवरच्या खुणा वाचा: मुकुटाखाली ‘एन’ असेल तर ती दुसऱ्या महायुद्धापूर्वीची, जर्मन नायट्रो (धूरविरहित दारूच्या) चाचणीची. अक्षरांच्या कडा बोथट आणि ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) मात्र कोरं करकरीत, म्हणजे घासून पॉलिश मारलंय. बोल्टला पुढे दोन लग (नळीमागच्या खाचेत अडकणारे दात) असतात, त्यामुळे पकड भक्कम.

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत दोन्हींची खरी परीक्षा लाकडाखाली. दस्ता उतरवायला सांगा; आढेवेढे घेतले की समजा, नळीला खड्डे आहेत. निवडणुकीत महिनोन्‌महिने पोलिसांकडे जमा राहिलेली असेल तर आधी आतून बघावी.

माझं मत ३१५ला. माउझर देखणी खरी, पण सुटे भाग आणणार कुठून? आणि दोन्हीकडे परवान्यावरचा नंबर, बोअर नळीशी जुळत नसेल तर बोलणंच थांबवा.