बोलका डिस्प्ले घेण्यापूर्वी: एको शो, नेस्ट हब आणि डॉकवरचा टॅबलेट

हाक मारली की उत्तर देणारा आणि उत्तराबरोबर चित्रही दाखवणारा स्मार्ट डिस्प्ले घ्यायचे ठरले, की तुलना बहुधा स्क्रीनच्या इंचांपासून सुरू होते. ती दुसऱ्याच दोन प्रश्नांपासून सुरू करावी असे माझे मत आहे. हे उपकरण घरात नेमके कुठे बसणार, हा पहिला प्रश्न. आणि घरातल्यांचे फोटो, कॅलेंडर व संपर्क आज कोणत्या कंपनीच्या खात्यात साठलेले आहेत, हा दुसरा. मोबाइल आपल्याबरोबर फिरतो. डिस्प्लेला सहसा आत बॅटरी नसते, तो प्लगला बांधलेला असतो आणि एकदा ठेवला की वर्षानुवर्षे तिथेच राहतो. त्यामुळे स्वयंपाकघरात उत्तम ठरलेले उपकरण पलंगाशेजारी नकोसे होऊ शकते.

निवड मुख्यतः दोन घराण्यांत करायची असते. ॲमेझॉनचा पहिला एको शो २०१७ मध्ये आला आणि आज त्या मालिकेत ५, ८, १५ अशा आकड्यांनी ओळखली जाणारी लहानमोठी उपकरणे आहेत. हे आकडे साधारणपणे स्क्रीनच्या इंचांचे आहेत. गूगलने २०१८ मध्ये होम हब आणला, २०१९ मध्ये त्याचे नाव नेस्ट हब केले, त्याच वर्षी कॅमेरा असलेला मोठा नेस्ट हब मॅक्स आणला आणि २०२१ मध्ये लहान हबची दुसरी पिढी काढली. तिसरा मार्ग डॉकवर, म्हणजे चार्ज करणाऱ्या बैठकीवर, ठेवलेल्या टॅबलेटचा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

इंचांचा आकडा फसवा असतो, कारण तो कर्णाचा असतो आणि डोळ्यांना दिसते ते क्षेत्रफळ. एको शो ५ ची स्क्रीन ५.५ इंची, पण उंचीच्या दुप्पट रुंद अशी लांबुडकी आहे. तिचे क्षेत्रफळ जेमतेम १२ चौरस इंच भरते. नेस्ट हबच्या ७ इंची स्क्रीनचे ते साधारण २१ येते, २०२३ पर्यंतच्या एको शो ८ चे २९ च्या आसपास आणि एको शो १५ चे, ज्याची स्क्रीन प्रत्यक्षात १५.६ इंची आहे, १०४ च्या घरात. म्हणजे ५.५ वरून ८ इंचांवर गेल्यास पाहायला मिळणारी जागा दुपटीहून जास्त होते. हाताच्या अंतरावरून घड्याळ आणि हवामान पाहण्यासाठी १२ चौरस इंच पुरतात. दोन पावले मागे उभे राहून पाककृती वाचायची असेल तर पुरत नाहीत. एको शो ८ च्या २०२३ च्या पिढीत यावर एक चांगली युक्ती आहे. पाहणारा लांब असेल तर स्क्रीनवर थोडा मजकूर मोठ्या अक्षरांत दिसतो आणि तो जवळ आला की तपशील वाढतो.

झोपण्याच्या खोलीसाठी माझे मत स्पष्टपणे नेस्ट हबच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण त्यात नसलेल्या गोष्टीत आहे: त्याला कॅमेराच नाही. एको शो ५ च्या कॅमेऱ्यावर सरकती झडप असते आणि ती लावली की कॅमेरा खरोखर झाकला जातो. तरीही कपडे बदलताना त्या झडपेकडे नजर टाकावीशी वाटणे हा एक त्रासच आहे. शिवाय नेस्ट हबचा प्रकाशसंवेदक खोलीतल्या उजेडाची तीव्रता आणि रंग दोन्ही मोजून स्क्रीन त्याप्रमाणे बदलतो. दिवा मालवला की फोटो नाहीसा होऊन अंधुक घड्याळ उरते, आणि दिवसा तीच स्क्रीन चौकटीतल्या छापील फोटोसारखी वाटते. दुसऱ्या पिढीत सोली नावाचे रडार आहे. ते डिस्प्लेच्या सर्वांत जवळ झोपलेल्या माणसाची हालचाल आणि श्वास टिपून झोपेची नोंद ठेवते, तीही अंगावर कोणतेही उपकरण न घालता. मात्र नोंद एकाच माणसाची होते, आणि डिस्प्ले गादीच्या पातळीच्या किंचित वर, झोपणाऱ्याकडे तोंड करून ठेवावा लागतो. ज्यांच्या पलंगाशेजारी तशी जागा नाही त्यांनी केवळ या सोयीसाठी तो घेऊ नये. एको शो ५ च्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचा लहान आकार आणि गजर वाजल्यावर माथ्यावर टपली मारून तो पुढे ढकलण्याची सोय. अर्धवट झोपेत ही टपली तोंडी आज्ञेपेक्षा फार सोपी जाते.

स्वयंपाकघरात पारडे उलटे झुकते. हात पिठाने माखलेले असताना बोटाने स्क्रीन ओढणे नको वाटते, ओल्या बोटांना टचस्क्रीन नीट दादही देत नाही, आणि म्हणून सारा भार आवाजावर येतो. इथे दोन गोष्टी कसाला लागतात: पंखा, नळ आणि भांडी यांच्या आवाजातून माइकला हाक ऐकू येणे आणि त्याच गोंगाटात उत्तर आपल्याला ऐकू येणे. एको शो ८ मध्ये दोन स्पीकर असल्याने त्याचा आवाज नेस्ट हबच्या एकुलत्या लहान स्पीकरपेक्षा भरदार लागतो. मॅक्समध्ये ३ इंची वूफर आहे, त्यामुळे आवाजात तोही कमी नाही. एकाच वेळी तीन टायमर लावून प्रत्येकाला नाव देण्याची सोय दोन्ही घराण्यांत आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्या घरात या उपकरणाचा सर्वाधिक वापर त्यासाठीच होतो. गाणे किंवा व्हिडिओ थांबवण्यासाठी हाक मारायची नसेल तर नेस्ट हब मॅक्ससमोर पंजा उभा धरला तरी पुरते. हे ऐकायला खेळण्यासारखे वाटते, पण तोंडात घास असताना उपयोगी पडते.

दूर राहणाऱ्या आईवडिलांशी व्हिडिओवर बोलण्यासाठी डिस्प्ले घेणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा त्याच्या कोनाकडे लक्ष द्यावे. या उपकरणांची पाठ ठरावीक कोनात कललेली असते आणि एको शोच्या लहान उपकरणांना कोन बदलण्यासाठी वेगळे स्टँड घ्यावे लागते. ते न घेता डिस्प्ले उंच फळीवर ठेवला की बोलणाऱ्याचे कपाळ आणि मागचे छतच दिसत राहते. आमच्याकडे दोन महिने असेच चालले होते. तिसऱ्या पिढीच्या एको शो १० मध्ये स्क्रीन मोटरवर फिरून बोलणाऱ्याच्या दिशेने वळते, पण त्यासाठी भोवती मोकळी जागा लागते. एको शोमधली ‘ड्रॉप इन’ ही सोय नीट समजून घ्यावी. ज्याला तशी परवानगी दिली आहे तो माणूस समोरच्याने फोन न उचलताही थेट जोडला जातो, सुरुवातीचे काही क्षण चित्र धूसर असते आणि मग स्पष्ट होते. ज्यांना बटणे सापडत नाहीत अशा वृद्धांसाठी हे वरदान आहे, आणि विचार न करता चार जणांना परवानगी दिली तर तीच घरातली उघडी खिडकी ठरते.

आता खात्यांचा प्रश्न. फोटो गूगल फोटोजमध्ये असतील तर नेस्ट हबवर ते काही न करता फिरू लागतात. आवडत्या माणसांचे चेहरे निवडले की त्यांचे नवे फोटो आपोआप येत राहतात. एको शोला हेच ॲमेझॉन फोटोजमधून करायला आवडते, त्यामुळे जुना साठा तिकडे हलवण्याचे काम आपल्यावर येते. यूट्यूबचेही तसेच आहे. २०१७ मध्ये गूगलने एको शोवरून यूट्यूब काढून घेतले होते. पुढे ते ब्राउझरच्या वाटेने परत आले, पण नेस्ट हबवर ते जितक्या सहज आवाजाने चालते तितके तिथे चालत नाही. उलट, घरात प्राइम व्हिडिओ आणि ऑडिबल (ऐकायची पुस्तके) यांचा राबता असेल तर एको शो अधिक आपलासा वाटतो. सगळ्या घराचे कॅलेंडर आणि कामांच्या याद्या एका जागी लावायच्या असतील तर एको शो १५ हा मला सर्वांत सयुक्तिक वाटतो, कारण तो भिंतीवर आडवा किंवा उभा टांगता येतो आणि एका नजरेत आठवडा दिसतो. मात्र एको शोच्या मुख्य पडद्यावर आपण न मागितलेल्या सुचवण्या आणि जाहिराती अधूनमधून येतात. सेटिंगमधून त्यांतल्या काही बंद करता येतात, सगळ्या नाहीत. स्वच्छ फोटोफ्रेम हवी असलेल्या माणसाला हे खटकेल.

भाषेच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. गूगल असिस्टंट फोनवर २०१८ पासून मराठी समजू लागला, म्हणून डिस्प्लेही मराठीत ऐकेल असे गृहीत धरले जाते; पण फोनच्या आणि डिस्प्लेच्या भाषांच्या याद्या वेगळ्या असतात, आणि दुकानातल्या माणसाच्या शब्दापेक्षा कंपनीच्या मदतपानावरची यादी पाहणे शहाणपणाचे. हाक मारण्याच्या शब्दातही फरक आहे. ॲमेझॉनकडे ‘अलेक्सा’ऐवजी ‘एको’ किंवा ‘कंप्युटर’ असे पर्याय निवडता येतात. घरात त्या नावाशी मिळतेजुळते नाव कोणाचे असेल तर हे फार महत्त्वाचे. गूगलकडे ‘हे गूगल’ किंवा ‘ओके गूगल’ याखेरीज शब्द नाही.

घरातले दिवे, पंखे, कुलूप यांच्याशी जोडणीचा मुद्दा पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही, कारण २०२२ मध्ये आलेले मॅटर हे सामाईक मानक दोन्ही घराण्यांनी स्वीकारले आहे. झिग्बी या बिनतारी मानकावर चालणारे जुने दिवे आधीपासून असतील तर एको शो ८ ची २०२३ ची पिढी त्यांना थेट सांभाळते. नेस्ट हबच्या दुसऱ्या पिढीत झिग्बी नाही, थ्रेड हे तसेच दुसरे मानक आहे. एको शो ५ मध्ये दोन्ही नाहीत.

खासगीपणाबद्दल दोन्हींकडे माइक बंद करण्याचे प्रत्यक्ष बटण आहे. कॅमेऱ्यासाठी एको शोच्या अनेक मॉडेलांना झडप आहे. नेस्ट हब मॅक्सला झडप नाही, मागच्या खटक्याने माइक आणि कॅमेरा दोन्ही एकदम तोडले जातात, म्हणजे केवळ कॅमेरा झाकून आवाज चालू ठेवायचा तर सेटिंगमध्ये जावे लागते. २८ मार्च २०२५ पासून ॲमेझॉनने एक बदल केला आहे. काही मोजक्या एको उपकरणांवर आवाजाची नोंद सर्व्हरकडे न पाठवता उपकरणातच प्रक्रिया करण्याचा जो पर्याय होता तो काढून टाकला गेला. नोंदी साठवू नयेत एवढे सांगता येते, पण मग कोण बोलत आहे हे आवाजावरून ओळखण्याची सोय चालत नाही. गूगलकडेही बहुतेक आज्ञा सर्व्हरवर जातात. आत्ताच जे बोललो ते पुसून टाक, असे तोंडी सांगण्याची मुभा दोन्हींकडे आहे.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी बाब वेगळीच आहे. डिस्प्लेची काच आणि स्पीकर दहा वर्षे टिकतील, पण त्यामागची सेवा किती वर्षे टिकेल याची शाश्वती नाही. फेसबुकने २०१८ मध्ये पोर्टल नावाचे डिस्प्ले आणले, त्यांचा कॅमेरा माणसामागे सुरेख फिरत असे, आणि २०२२ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी ते बंद करण्याचा निर्णय झाला. लेनोवो, जेबीएल आणि एलजी यांनी गूगल असिस्टंटवर चालणारे डिस्प्ले काढले होते. २०२३ मध्ये गूगलने त्यांना सॉफ्टवेअरचे नवे अपडेट देणे थांबवले. ती उपकरणे त्या दिवशी बंद पडली नाहीत, पण तिथेच थांबली. म्हणून दुसऱ्या कंपनीने बनवलेला आणि गूगलवर चालणारा जुना डिस्प्ले कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये असे मी सांगेन. याच कारणासाठी नेस्ट हब मॅक्सची शिफारस करतानाही माझा हात आखडतो: त्याचा आवाज आणि स्क्रीन चांगली आहे, पण यंत्र २०१९ चे आहे. २०२५ मध्ये ॲमेझॉनने अलेक्सा प्लस आणि गूगलने घरासाठी जेमिनी जाहीर केले आहे. नव्या सहायकांचे ओझे जुन्या प्रोसेसरला पेलावे लागणार असल्याने आज घेताना शक्य तितकी अलीकडची पिढी घ्यावी.

टॅबलेटचा मार्ग या अडचणीतून थोडी सुटका करतो. २०२३ चा पिक्सेल टॅबलेट स्पीकर असलेल्या डॉकवर ठेवला की डिस्प्ले होतो, उचलला की टॅबलेट. ॲमेझॉनच्या काही फायर टॅबलेटना शो मोड आहे, त्यात त्यांचा पडदा एको शोसारखा वागतो. सहायकाची सेवा मंदावली तरी हातात एक वापरता येण्याजोगा टॅबलेट उरतो, हा मोठा फायदा. तोटा असा, की जो टॅबलेट उचलता येतो तो उचलला जातोच. मग तो मुलांच्या खोलीत सापडतो आणि स्वयंपाकघरातला टायमर कोणाला सांगायचा हा प्रश्न उरतो. सतत चार्जिंगवर राहिल्याने बॅटरी लवकर थकते, हेही आहेच. एकट्याने राहणाऱ्याला मी हा पर्याय आनंदाने सुचवेन, चार जणांच्या घराला नाही.

मागणी नोंदवण्याआधी एक साधा प्रयोग करून पाहावा. ८ इंची स्क्रीनसाठी पावणेसात बाय सव्वाचार इंच, १५ च्या मॉडेलसाठी साडेतेरा बाय पावणेआठ इंच असा पुठ्ठा कापावा, त्यावर नेहमीच्या आकाराच्या अक्षरांत चार ओळी लिहाव्यात आणि ठरलेल्या जागी तो दोन दिवस उभा करून ठेवावा. ओळी ओट्यापासून वाचता येतात का, दुपारी खिडकीतला उजेड त्यावर पडतो का आणि जवळच्या प्लगपर्यंत वायर कशी जाईल हे सगळे तेवढ्यात कळते. आमच्याकडचा पुठ्ठा दुसऱ्या दिवशी शेगडीजवळून फ्रिजशेजारी गेला, आणि १५ इंचीऐवजी ८ इंची घ्यायचे तिथेच ठरले.