थ्रॉटल बॉडी घरी साफ केली, त्याला आठ महिने झाले

बडोद्यातल्या काळाघोडा सर्कलच्या सिग्नलला एसी चालू ठेवून उभं राहिलं की माझी गाडी थरथरायची. आरपीएमचा काटा ७५० वरून ५०० च्या खाली यायचा आणि दोनदा तर हिरवा दिवा लागता लागता इंजिन बंदच पडलं. मागे बसलेली आई घाबरली, म्हणून मी हे मनावर घेतलं. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, तेव्हा ६८,००० किलोमीटर झालेली. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, फरक पडला नाही. एअर पाइप काढून थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात किती हवा जाईल ते झडपेने ठरवणाऱ्या भागात, टॉर्च मारला तेव्हा कारण दिसलं: झडपेच्या कडेला काळा, तेलकट थर.

हा थर येतो कुठून, ते आधी सांगतो, नाहीतर साफ करूनही काही महिन्यांत पुन्हा तेच. इंजिनमधली तेलाची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हच्या आणि ब्रीदरच्या नळीतून परत आत ओढली जाते. ती गरम धातूवर बसते, तिला धूळ चिकटते. आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, झडप जेमतेम केसाएवढी उघडी असते, त्यामुळे पातळ थरसुद्धा हवा अडवतो. इंजिनचा संगणक झडप थोडी थोडी जास्त उघडून भरपाई करत राहतो आणि ती सवय लक्षात ठेवतो. हा शेवटचा मुद्दा मला पुढे नडला.

जुन्या गाड्यांत एक्सिलरेटरच्या पेडलपासून झडपेपर्यंत केबल असायची. इथे पेडल फक्त सिग्नल पाठवतं. झडप फिरवते ती छोटी मोटर, बहुतेक गाड्यांत प्लास्टिकच्या गिअरमधून. झडपेची जागा दोन सेन्सर मोजतात आणि संगणक दोघांचं म्हणणं जुळतंय का ते सतत पाहतो. म्हणूनच आमच्या मांजलपूरच्या मिस्त्रींनी मला एकच ताकीद दिली: "एनी पर जोर ना करता, काका", म्हणजे झडपेवर जोर लावू नका. जुन्या गाडीचा कार्ब (कार्ब्युरेटर) साफ करावा तसं बोटाने झडप ढकलली तर गिअर बिघडू शकतो. आणि इग्निशन चालू असताना बोट आत घालणं तर सरळ धोका, कारण मोटर झडप फट्कन मिटवते.

मी गाडीवरच साफ करण्याऐवजी बॉडी काढून घेतली. इंजिन पूर्ण गार, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलेलं, दहा मिनिटं थांबलो. कनेक्टरचं लॉक दाबून सोडवलं, पाइपची क्लिप ढिली केली, चार बोल्ट १० नंबरच्या सॉकेटने. काही गाड्यांत कूलंटच्या नळ्याही बॉडीला जोडलेल्या असतात. माझ्या गाडीत नव्हत्या. काढून घेतली की दोन्ही बाजू दिसतात. वीज नसताना स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते, म्हणून ती फिरवायची गरजच पडली नाही. थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ कापडावर मारून भिंती पुसल्या, कडेला मऊ ब्रश फिरवला. मोटरची बाजू वर धरली, म्हणजे ओघळ तिकडे जात नाही. शाफ्टच्या टोकांवर फवारा मारू नका. कार्ब क्लीनर तर घेऊच नका: काही बॉड्यांच्या आत खास लेप असतो, तो तिखट द्रावणाने निघतो. काळं गेलं की थांबायचं, आरशासारखं चकचकीत करायचं नाही. हे सगळं गच्चीवर, मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून. द्रव ज्वालाग्राही आहे. बसवताना गॅस्केट नवी घेतली आणि बोल्ट आलटून पालटून, हलक्या हाताने आवळले.

बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारला आणि पेडल दाबलं, ही माझी चूक. आयडल १,३०० वर चढून बसला, इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०५०७, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त आयडल. झडप स्वच्छ झाली होती, पण संगणक अजून घाणीच्या हिशोबाने जास्त उघडत होता. कोड पुसला. मग इग्निशन चालू करून पेडलला न शिवता अर्धा मिनिट थांबलो, बंद केली, स्टार्ट करून पंखा लागेपर्यंत तशीच ठेवली, त्यानंतर पाच मिनिटं एसी लावला. आयडल ७५० वर उतरला. ही रीत माझ्या गाडीची. काही गाड्यांना स्कॅनरनेच शिकवावं लागतं, तुमच्या गाडीचं पुस्तक आधी बघा.

आता आठ महिन्यांचं सांगतो. मे महिन्याच्या कडक उन्हात, एसी पूर्ण लावून, अकोटा पुलाच्या गर्दीत काटा हलला नाही. गाडी एकदाही बंद पडली नाही. मायलेज मात्र वाढलं असं मी म्हणणार नाही: शहरात १३.८ होतं, आता १४.१, आणि तेवढा फरक रस्त्याने आणि ऋतूनेही पडतो. पिकअप वाढेल म्हणून कुणी हे करत असेल तर करू नये. सहाव्या महिन्यात पुन्हा टॉर्च मारला तेव्हा फिकट तपकिरी आवरण होतं, काळं नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह साफसफाईच्याच वेळी बदलला होता, त्याचा फायदा झाला असावा. वेळेआधी पुन्हा साफ करायचं काही कारण मला दिसत नाही.

पी २१३५ कोड येत असेल तर हा स्प्रे विकत घेऊ नका. तो दोन सेन्सरचं न जुळणं सांगतो. तिथे कनेक्टर, वायरिंग, नाहीतर बॉडीच तपासावी लागते. डिझेल गाडीवाल्यांनीही आधी मिस्त्रीला विचारावं, तिथल्या झडपेचं काम वेगळं असतं.

गॅरेजने मला या कामाचे १,८०० रुपये सांगितले होते. क्लीनरचा डबा, गॅस्केट आणि हातमोजे मिळून मला साधारण ७०० पडले. डबा अजून अर्धा शिल्लक आहे. तो घरात, सावलीच्या कपाटात ठेवलाय. त्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली आहे आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात बंद डिकी त्यापलीकडे सहज जाते, म्हणून तो गाडीत ठेवू नका.