चाक रस्त्यात काढता आलं पाहिजे: एक्सपल्स २०० फोर व्ही, १४ महिने, १८,००० किलोमीटर

मागच्या महिन्यात सातपुड्यात धडगावहून बिलगावला जाताना माझ्या हीरो एक्सपल्स मोटरसायकलचं मागचं टायर बसलं आणि पुन्हा निघायला मला पावणेतीन तास लागले. त्यातले दोन तास पंक्चरचे नव्हते, एका नटाचे होते. त्या दुपारपासून दुसऱ्या दिवसापर्यंत या गाडीबद्दलचं माझं मत दोनदा पालटलं, म्हणून सविस्तर लिहितोय. सीसी, डिस्प्ले, रंग हे सगळ्यांना पाठ आहे. मी फक्त निर्णय जिथे अडतो तिथले आकडे देतो.

मी चोपड्याचा. ठिबक बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. अडावद, उनपदेव, वैजापूर, लासूर असं माझं रोजचं फिरणं. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर, त्यातलं निम्मं केळीच्या मळ्यांमधून, पाटाच्या कडेने, नाल्यातून. सुट्टी मिळाली की सातपुड्यात वर जायचं. त्यामुळे मला रोजची आणि डोंगराची गाडी एकच हवी होती. वेगवेगळ्या दोन पोसायची ऐपत नाही.

पर्याय दोनच उरले होते. नवी एक्सपल्स २०० फोर व्ही, नाहीतर रॉयल एनफिल्डची चांगल्या हाताची जुनी हिमालयन ४११. ४११ कंपनीने २०२३ मध्ये बंद केली, त्यामुळे ती जुनीच घ्यावी लागणार होती. दोन्हींचा हिशोब जवळपास सारखाच बसत होता. हिमालयन ४५० पाहून आलो, ४५२ सीसी, ४० एचपी, सुंदर गाडी आहे, पण माझ्या बजेटच्या जवळपास दुप्पट. तो विषय तिथेच सोडला.

माझे थोरले चुलतभाऊ, त्यांना आम्ही नाना म्हणतो, २०२१ पासून ४११ चालवतात. ती गाडी मी भरपूर चालवली होती. डांबरी रस्त्यावर ती चालवली की माणूस लगेच तिच्या प्रेमात पडतो. ३२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, तोही चार-साडेचार हजार आरपीएमलाच. घाटात गिअर बदलायची गरज भासत नाही, मागे बायको आणि दोन बॅगा असल्या तरी. एक्सपल्सचा टॉर्क १७ च्या आसपास आणि तो साडेसहा हजारला. कागदावर तुलनाच नाही.

मग मी एक्सपल्स का घेतली? नानांच्या शेतात पाऊस पडून गेल्यावर त्यांची हिमालयन माझ्या हातून आडवी झाली म्हणून. आपल्याकडची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतं. पायाला बुटाऐवजी मातीचा गोळा. तिथे १९९ किलोची गाडी मला एकट्याला उठली नाही. दोन्ही बाजूंनी प्रयत्न केला, पाय घसरत गेले, शेवटी सालदाराला हाक मारली. एक्सपल्स १५९ किलोची. फरक ४० किलोचा, म्हणजे युरियाच्या गोणीला पाच किलो कमी. ती गोणी रोज उचलणाऱ्याला विचारा, ओल्या रानात हा फरक काय असतो ते. मी बहुतेक वेळा एकटा फिरतो. वैजापूरच्या पुढे जंगलात हाक मारायला सालदार नसतो. तिथेच ठरलं.

पहिले सहा महिने मला या गाडीत खोट दिसली नाही. नाल्यातले गोटे, बैलगाडीच्या चाकोऱ्या, केळीच्या घडांचे ट्रॅक्टर जाऊन झालेले खड्डे, सगळीकडे ती उभ्याने चालवली की पाण्यासारखी वाहते. पुढे १९० मिलिमीटरचा सस्पेन्शन ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला खाली-वर व्हायला तेवढी जागा, आणि जमिनीपासून २२० ची मोकळीक. माझी २०२३ ची आहे, एबीएसचे तीन मोड आहेत आणि उतारावर मुरमात ऑफरोड मोड खरोखर उपयोगी पडतो. पेट्रोल मला सरासरी चाळीसचं ॲव्हरेज. टाकी १३ लिटरची, म्हणजे चोपड्याहून तोरणमाळ जाऊन परत येईपर्यंत पंपाची चिंता नाही. नानांच्या गाडीला १५ लिटर मावतात, पण ती अठ्ठावीस-तिशीच्या पुढे जात नाही. रोज चालवणाऱ्याला महिनाअखेर हा फरक खिशात दिसतो.

हायवेचं मात्र खरं सांगायला हवं. धुळे-सुरत रस्त्यावर ऐंशीपर्यंत ती आनंदात असते. नव्वदला आवाज आणि थरथर सुरू होते, आणि मागून ट्रक आला की पुढे निघून जायला हातात काही शिल्लक राहत नाही. कोंडाईबारी घाटात समोरून वारा असताना चौथ्या गिअरवर यावं लागलं. नाना त्याच चढावर पाचव्यात, वर मान डोलवत. दर शनिवारी पुणे-मुंबई करणाऱ्याने एक्सपल्स घेऊच नये.

आता मूळ मुद्दा, पंक्चर. लोक याबद्दल एका ओळीत बोलून पुढे जातात, पण चौदा महिन्यांत माझे नऊ पंक्चर झालेत. सात मागे, दोन पुढे. खानदेशात हा प्रश्न इंजिनपेक्षा मोठा आहे. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, शेतकरी बांध साफ करतात, बाभळी छाटतात, कुंपणाच्या जुन्या काट्या बदलतात. पहिला पाऊस पडेपर्यंत प्रत्येक शिवरस्त्यावर काटे पसरलेले असतात. पुढचं चाक काटा उभा करतं आणि मागचं त्यावर चढतं, म्हणून मागचं टायर जास्त बसतं. नऊपैकी दोन पंक्चर काट्याचे नव्हते. हवा कमी ठेवून दगडावर आपटलो, ट्यूब रिममध्ये चिमटली आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या. हवा कमी केली की पकड वाढते हे खरं, पण किती कमी करायची हे दगडावरून ठरवायला शिकावं लागतं.

दोन्ही गाड्यांना तारांचं चाक आणि आत ट्यूब. पुढे दोघींनाही २१ इंच. मागे एक्सपल्सला १८, हिमालयनला १७. हा एका इंचाचा फरक गावातल्या पंक्चरवाल्याकडे अडत नाही. १७ आणि १८ ची ट्यूब त्याच्याकडे असते, २१ ची कुठेच नसते. म्हणून सोबत एकच ट्यूब न्यायची तर २१ ची न्यावी. ती अडीनडीला मागच्या चाकातही बसते. कायमची नाही, गावापर्यंत पोहोचण्यापुरती.

बिलगावच्या वाटेवर माझ्याकडे तीच होती. आम्ही तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावला आलो होतो. घाटात नाना सतत पुढे, मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन रडवत मागे. उतरणीवर आणि कच्च्या वाटेवर मी पुढे. धडगाव सोडून पुढे आलो आणि एका वळणावर गाडीचा मागचा भाग माशासारखा हलला. थांबून पाहिलं तर बाभळीचा काटा, पांढरा, करंगळीएवढा, टायरच्या दोन गाठींच्या मधोमध.

एक्सपल्सला डबल स्टँड नाही, हिमालयनला आहे. इथे हिमालयन सरळ जिंकते. मी साइड स्टँड लावला, दुसऱ्या बाजूने इंजिनखालच्या पत्र्याला दगडाचा टेकू दिला आणि मागचं चाक अधांतरी केलं. पाना लावला. नट हलला नाही. पुन्हा लावला, पायाने दाबला, पाना घसरून नटाच्या कडा झिजल्या.

तेव्हा आठवलं. आठच दिवस आधी एका शहरातल्या गॅरेजात मागचं टायर बदललं होतं. तिथल्या माणसाने पान्याला लांब पाइप घालून, त्यावर अंगाचा भार टाकून नट आवळला होता. मी समोर उभा होतो. गॅरेजवाल्याच्या दृष्टीने काम पक्कं झालं. पण असा आवळलेला नट रस्त्यात सुटत नाही हे त्याच्या मनातही आलं नसणार, कारण त्याला ते चाक जंगलात काढायचं नव्हतं. याचा राग मला अजून आहे. नट ठरलेल्या मापानेच आवळायचा असतो, त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना असतो. नसेल तर निदान लांब पाइप तरी लावू नये.

नानांच्या गाडीतला पानाही तेवढाच तोकडा. नाना म्हणाले, "जोर नको लावू भाऊ, पाना सटकी जाई." आम्ही सावलीत बसून आळीपाळीने प्रयत्न करत राहिलो. दोन तास गेले. दोन गाड्या थांबल्या, त्यांच्याकडेही मोठा पाना नव्हता. शेवटी टेकाडावरच्या घरातून एक पावरा आदिवासी बाबा आणि त्यांचा नातू खाली आले. नातवाला मराठी येत होतं. काय हवंय ते समजल्यावर तो पळत वर गेला आणि दीड हाताचा लोखंडी नळ घेऊन आला. नळ पान्याच्या दांड्यावर चढवला, नानांनी पाना नटावर घट्ट दाबून धरला, मी नळाच्या टोकाला लटकलो. कडकन आवाज आला. मला वाटलं पाना तुटला. नट सुटला होता.

पुढचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. टायरची कड रिमला चिकटली होती, टायर काढायच्या दोन लिव्हरने सुटेना. नानांनी चाक जमिनीवर आडवं ठेवायला लावलं, आपल्या हिमालयनचा साइड स्टँड बरोबर रिमशेजारी टायरवर टेकवला आणि गाडी त्यावर झुकवली. १९९ किलोचा भार पडताच कड फटकन खाली गेली. ज्या वजनामुळे मी ती गाडी नाकारली, त्याच वजनाने माझं टायर सुटलं. मग आतून बोटांनी चाचपलं. काट्याचं टोक तुटून आतच राहिलं होतं, बाहेरून अजिबात दिसत नव्हतं. ते न काढता नवी ट्यूब घातली असती तर शंभर मीटरवर पुन्हा बसली असती. टायरच्या आत फडका फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा. हे प्रत्येकाने करावं. २१ ची ट्यूब १८ च्या चाकात बसवली, पावडर लावली, हातपंपाने हवा भरली. बाबांनी पाणी दिलं, पैसे घ्यायला तयार झाले नाहीत.

धडगावला परत येताना माझ्या डोक्यात एकच विचार होता, की चूक झाली. कर्ज काढून ४५० घ्यायला हवी होती. तिला आता तारांचं ट्यूबलेस चाक मिळतं. काटा काढा, भोकात रबरी स्ट्रिप ठोका, हवा भरा, दहा मिनिटांत मोकळे. चाक काढायचंच नाही, तर नटाची भानगडच नाही.

दुसऱ्या दिवशी तोरणमाळला जाताना सातपायरी घाटाच्या अलीकडे खड्ड्यातल्या दगडावर नानांचं पुढचं चाक आपटलं. रिमची कड चेपली, बोट बसेल एवढी खाच. आत ट्यूब होती म्हणून हवा गेली नाही. नाना वर तलावापर्यंत आले, दुसऱ्या दिवशी घरी गेले, आणि नंतर रिम हातोडीने सरळ करून घेतली. ट्यूबलेसला रिमची कड इतकी वाकली की तिथूनच हवा निघते आणि स्ट्रिपचा काही उपयोग होत नाही. तिथे माझं मत परत फिरलं. डांबरी रस्त्यावर जास्त आणि काट्यात थोडं जाणाऱ्याला ट्यूबलेस बरं. माझ्यासारख्या गोट्यांत रोज आपटणाऱ्याला ट्यूबच बरी, फक्त चाक काढायची तयारी हवी.

म्हणून दोन्हींत कोणती, असं मला आता कोणी विचारलं तर मी आधी विचारतो: तू एकटा जातोस की जोडीने? जोडीने, सामान घेऊन, डांबरी जास्त, तर जुनी हिमालयन शोध. टॉर्क आहे, डबल स्टँड आहे, बसायला ऐसपैस आहे, आणि पडली तर उचलायला दुसरा माणूस आहे. एकटा, शेतातून, नदीपात्रातून, पेट्रोलकडे बघत जात असशील तर एक्सपल्स. आता २१० पण आली आहे, लिक्विड कूल्ड, ताकद जास्त आणि वजनही जास्त. ती मी दोन किलोमीटरच चालवली, तेवढ्यावर मत देणार नाही.

खर्चाचं राहिलं. चौदा महिन्यांत दोन सर्व्हिसिंगच्या मधलं ऑइल मी स्वतः बदललं, एअर फिल्टर महिन्याला साफ केला, कारण मे महिन्यातली आपल्याकडची धूळ कोणतंही इंजिन खाते. चेन-स्प्रॉकेट अजून चालू आहे. त्याव्यतिरिक्त एक क्लच केबल, ब्रेक पॅड आणि पाच ट्यूबा.

घरी आल्यावर पहिल्यांदा मी तो झिजलेला नट बदलला. लांब दांड्याचा पाना घेतला, जुन्या ठिबकच्या स्टँडचा एक लोखंडी तुकडा कापून त्याचा नळ केला, आणि दोन्ही रबरी पट्ट्याने सीटमागच्या कॅरिअरला बांधलेत. सोबत १८ ची एक ट्यूब, २१ ची एक, तीन लिव्हर, पावडरची पुडी आणि हातपंप. सगळं मिळून साडेचार किलो भरलं. मागच्या रविवारी अंगणात चाक काढून परत बसवून पाहिलं, बावीस मिनिटं लागली. धनतेरसला सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला जायचं आहे, तोवर पंधरा मिनिटांवर आणायचंय.