भाड्याच्या खोलीसाठी पत्र्याचा कूलर

विदर्भात भाड्याची खोली मे महिन्यात राहण्याजोगी करायची तर पडदे नंतर, कूलर आधी. घरमालक भिंत फोडू देत नाही. म्हणून तालुक्याच्या दुकानात मिळणारा पत्र्याचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवावा, फटी थर्माकोलने बुजवाव्या. प्लॅस्टिकच्या छोट्या कूलरपेक्षा थंडाव्यात हा सरसच. मात्र समोरचं दार चार बोटं उघडं हवं. बंद केलं की ओलावा कोंडतो, अंग चिकचिकतं आणि दोष उगाच कूलरला.

गवताच्या ताट्या दर उन्हाळ्यात बदला. बोअरच्या जड पाण्याने त्यांच्यावर क्षार चढतो, हवा अडते. वाळ्याच्या ताट्या महाग, पण वास! हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेली ताटी, जास्त टिकते.

खरी खोट करंटची. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर चालणारं अर्थिंग नसेल तर घेऊच नका. पाणी भरताना प्लग काढा. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावी. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा हा निरुपयोगी. टाकी वाळवून आतून रंगाचा हात मारला तर गंज लांबतो.