हेलेना की क्लार्क्सडेल? ब्लूजसाठी एकच फेरी होणार असेल तर

वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि बऱ्याच जणांना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं हे संगीत त्याच्या मूळ गावी जाऊन ऐकावंसं वाटू लागलं. त्यांच्यापुढे शेवटी दोन लहान गावं उरतात: अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातलं हेलेना आणि मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल. मध्ये मिसिसिपी नदी आणि साधारण ५० किलोमीटरचा रस्ता. तरीही दोन्हीकडचा अनुभव अगदी वेगळा आहे, कारण दोन्हीकडच्या ब्लूज महोत्सवांचा जन्मच वेगळा.

हेलेनाचा महोत्सव रेडिओतून आला. १९४१ च्या नोव्हेंबरात केएफएफए केंद्रावर ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला. किंग बिस्किट हा गव्हाच्या पिठाचा ब्रँड. सनी बॉय विल्यमसनचा माउथऑर्गन आणि रॉबर्ट लॉकवूड ज्युनिअरची गिटार रोज दुपारी सव्वाबाराला लागायची, कारण त्या वेळी शेतातले कृष्णवर्णीय मजूर जेवायला थांबलेले असत. पीठ खपलं आणि ब्लूज घरोघरी गेला. त्याच नावाने १९८६ मध्ये महोत्सव उभा राहिला. नावाच्या हक्कांचा पेच झाल्यामुळे २००५ ते २०१० ही वर्षं तो ‘आर्कान्सा ब्लूज अँड हेरिटेज फेस्टिव्हल’ म्हणून भरला. २०११ ला जुनं नाव परत मिळालं. त्या काळातली पोस्टरं पाहून हा दुसराच महोत्सव असावा असं समजू नका.

इथे मुख्य मंच एकच आणि मोठा. नदीच्या बांधाचा गवताळ उतार हीच बैठक. नामांकित कलाकार सलग, नीट ऐकायचे असतील तर याला तोड नाही. मुख्य मंचाला तिकीट लागतं. पण चेरी स्ट्रीटवर रस्त्यात वाजवणारेही ऐकाच, आणि त्याच रस्त्यावरच्या डेल्टा कल्चरल सेंटरमध्ये रेडिओचा स्टुडिओ बघा.

क्लार्क्सडेलचा जूक जॉइंट फेस्टिव्हल २००४ चा, एप्रिलमधला. जूक जॉइंट म्हणजे मजुरांचे पिण्या-नाचण्याचे अड्डे. दिवसा रस्त्यावरचे मंच फुकट. रात्री प्रवेशाची मनगटपट्टी विकत घेतली की गावभरच्या अड्ड्यांत शिरता येतं. अडचण होते ती इथे. ‘रेड्स’ या अड्ड्याची खोली इतकी लहान की ती भरली की मनगटपट्टी असूनही दारात ताटकळावं लागतं. म्हणून यादीतल्या सगळ्या जागांमागे धावू नका. दोनच निवडा आणि लवकर जाऊन बसा. घाम, धूळ आणि हातभर अंतरावर गिटार हवी असेल, तर हेच.

याच गावात १९८८ पासून ऑगस्टमध्ये सनफ्लॉवर रिव्हर महोत्सवही होतो, गॉस्पेलसह (चर्चमधल्या भक्तिगीतांसह) आणि विनामूल्य. पण ऑगस्टमधला डेल्टाचा, म्हणजे नदीकाठच्या या सखल भागाचा, दमट उकाडा पहिल्या फेरीत नकोच.

हेलेनाचा महोत्सव ऑक्टोबरमध्ये असतो आणि हवामानाचा कौल ऑक्टोबरच्याच बाजूने पडतो. एप्रिल हा इथला वादळांचा, टॉर्नेडोंचा हंगाम आहे. दोन्ही गावांना मेंफिस विमानतळावरून गाडी भाड्याने घेऊनच जावं लागतं, सुमारे दोन तास धरा. खोल्यांची टंचाई दोन्हीकडे. क्लार्क्सडेलमधल्या एप्रिलच्या खोल्या वर्षभर आधी जातात. हेलेनात हॉटेलंच मोजकी, त्यामुळे बरेच जण पुलापलीकडे मुक्काम करतात.

एकच फेरी असेल तर आमचं मत हेलेनाला. कोलंबस डे म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. महोत्सव त्याआधीच्या बुधवार ते शनिवार असतो. रविवारी पूल ओलांडून क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन प्लांटेशनवर जा. पियानोवादक पाइनटॉप पर्किन्स तिथे ट्रॅक्टर चालवायचे, आणि त्यांच्या नावाचा मेळा त्याच रविवारी भरतो. परतीचं विमान सोमवारचं घ्या.