नवी म्हणून रंगवलेली जुनी रॅक गळ्यात मारली

ट्रायम्फ टीआर३ या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला रॅक अँड पिनियन (दातेरी दांड्यावर छोटं दातेरी चाक फिरवणारं स्टिअरिंग) बसवून घेणार असाल, तर आधी हे वाचा.

रॅक बसवण्याचा विचार मुळात चांगलाच आहे. या गाडीत मुळात स्टिअरिंग बॉक्स, त्याच्या समोरच्या बाजूचा आयडलर आर्म, दोघांना जोडणारा मधला रॉड असे जोडावर जोड आहेत. प्रत्येकात थोडा थोडा प्ले (ढिलेपणा) आला की सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सावरावी लागते. पुढे १९६१ च्या टीआर४ ला कंपनीनंच रॅक दिली.

‘रॅक कोरी आहे, ब्रॅकेट तयार आहेत,’ असं सांगून गॅरेजवाल्यानं माझ्याकडून सगळे पैसे आधीच घेतले. गाडी परत आली तेव्हा मधोमध स्टिअरिंग अगदी घट्ट होतं, प्ले नव्हताच. पण वळण संपल्यावर ते आपणहून सरळ होईना, आणि पूर्ण वळवलं की आवळायचं. दुसऱ्या मेकॅनिककडून रॅक उघडून घेतली. मधले दात झिजलेले, टोकांचे जवळजवळ कोरे! मधला प्ले लपवायला शिम (फटीतली पातळ चकती) काढून दातांवरचा दाब वाढवला होता, म्हणून न झिजलेल्या दातांवर ती अडकत होती. रॅकच्या टोकांवरच्या नव्या रबरी बुटांखाली (आवरणांखाली) गंजाचे खड्डे आणि वरून काळा रंग. ही चक्क फसवणूक आहे.

खरा संताप आला तो कॉलमचा, म्हणजे स्टिअरिंग व्हीलपासून रॅककडे जाणारा दांडा पाहून. मधेच कापून नुसता वेल्ड मारला होता आणि ग्राइंडरनं घासून रंगवला होता. रंग खरवडला तेव्हा सांधा नखाला लागला. हा दांडा चालत्या गाडीत तुटला तर माणूस जाईल.

जाब विचारला तर उत्तर मिळालं, ‘जुन्या गाड्या अशाच चालतात.’ माझा मूळ बॉक्स मागितला, तर म्हणे भंगारात गेला. तो हाताशी असता तर सगळं पूर्ववत तरी करता आलं असतं. म्हणून काढलेला बॉक्स, आयडलर, रॉड, सगळं त्याच दिवशी ताब्यात घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. रॅक बसवण्याआधी या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं फिरवून बघा. कुठेही जड लागली तर घेऊ नका. बसवल्यावर स्प्रिंग काढून सस्पेन्शन वर-खाली करायला लावा. चाकाचं तोंड आत-बाहेर वळत असेल तर रॅकची उंची चुकली आहे, खड्ड्यात गाडी भरकटणार.

दांड्यावर साधा वेल्ड दिसला, तर गाडी चालवत आणू नका. टो ट्रकवर घालून न्या.