होडीवरची ध्वनियंत्रणा बदलताना: मोटारीचा संच की सागरी संच?

आमची १८ फुटी फायबरची होडी वर्षातले आठ महिने देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत असते आणि पावसाळा तोंडावर आला की ट्रेलरवर चढून घाटमार्गे कोल्हापुरात येते. गोकुळ शिरगावातल्या एका मित्राच्या शेडमध्ये तिचा चातुर्मास पार पडतो आणि इंजिनाच्या देखभालीपासून गाद्यांच्या शिलाईपर्यंतची सगळी कामे त्याच काळात उरकली जातात. होडीवरची ध्वनियंत्रणा बदलण्याचा निर्णयही अशाच एका पावसाळ्यात, शेडच्या पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत असताना झाला. त्याआधी तीन मोसम आम्ही मोटारीसाठी बनवलेला संच वापरला होता; त्यानंतरचे दोन मोसम खास सागरी वापरासाठी बनवलेला संच वापरतो आहोत. दोन्हींशी संसार करून झाल्यामुळे, जे मित्र आता याच पेचात आहेत त्यांच्यासाठी हा अनुभव लिहून ठेवतो.

तिसरा पर्याय, म्हणजे हातात उचलून नेण्याचा, स्वतःची बॅटरी असलेला ब्लूटूथ स्पीकर, मी लवकर बाजूला ठेवतो. महिन्यातून एखादी फेरी मारणाऱ्याला तो पुरेसा आहे आणि होडीला एकही भोक पाडावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. आमच्याकडे तो प्रत्येक लाटेसरशी कोणाच्या तरी पायाशी येऊन पडत असे, एवढेच सांगतो.

मोटारीच्या संचाच्या बाजूने प्रथम बोलले पाहिजे, कारण पहिली निवड मी त्याचीच केली होती आणि ती अडाणीपणाने केलेली नव्हती. हा संच कोल्हापुरात सहज मिळतो, बसवणारे कुशल हात इथे गल्लोगल्ली आहेत आणि बिघाड झाला तर सुट्या भागासाठी मुंबईकडे डोळे लावून बसावे लागत नाही. ज्या शहरात मिरवणुकीतला आवाज छातीत बसल्याशिवाय लोकांना मिरवणूक निघाल्यासारखे वाटत नाही, तिथल्या कारागिरांना वॉट आणि ओहम कोणी शिकवायला नको. ज्याने आमचा संच बसवला त्याने तर १२ इंची सबवूफरचाही, म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीच्या मोठ्या स्पीकरचाही, आग्रह धरला होता. ‘‘दादा, पाण्यावर आवाज घुमायला पायजे की!’’ असे त्याचे म्हणणे होते आणि त्यात चुकीचे काही नव्हते. मोटारीच्या बंद पेटीत काचा आणि छप्पर आवाजाला धरून ठेवतात, खालच्या सुरांना तर आयतेच बळ मिळते. उघड्या होडीत असे काहीच नसते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि तो भरून काढायला चौपट शक्ती लागते. म्हणून मोटारीत जो संच दणदणीत वाटतो तो होडीत बापुडवाणा वाटतो, हे दोन्ही प्रकारच्या संचांना सारखेच लागू आहे.

निव्वळ स्वराच्या गुणवत्तेबद्दल विचाराल, तर माझ्या कानाला मोटारीचा संच आजही किंचित सरस वाटतो. त्याचा वरचा स्वर अधिक स्वच्छ होता आणि पेटीवरची बोटे वेगवेगळी ऐकू येत. सागरी स्पीकरचे पडदे पॉलिप्रॉपिलीनचे आणि कडा रबराच्या असतात. ते टिकाऊ असतात, पण आवाजाला थोडा जाडसरपणा येतो, असे मला वाटते. हे मोजमाप नव्हे, एका माणसाचा कान आहे. शिवाय इंजिन चालू असताना हा फरक ऐकू येत नाही आणि आमच्या फेरीचा निम्मा वेळ इंजिन चालूच असते.

मिठाच्या हवेने काय होते, हे समुद्रकाठच्या माणसाला सांगायची गरज नाही, पण आपण घाटावरची माणसे ते हिशेबात धरायला विसरतो. पहिल्या मोसमात काहीच झाले नाही. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी डाव्या स्पीकरच्या जाळीखाली, पांढऱ्या फायबरवर, बोटभर लांबीचा तांबूस ओघळ दिसला. ऑक्झॅलिक अॅसिडने तो निघाला. तीन आठवड्यांनी पुन्हा आला. तिसऱ्या मोसमात त्या स्पीकरचा पडदा एका बाजूला घासू लागला आणि गायकाला पडसे झाल्यासारखा आवाज येऊ लागला. उघडून पाहिले तेव्हा चुंबकाभोवतीच्या लोखंडी कड्यावर गंजाचे पापुद्रे सुटलेले होते. सागरी संचाच्या खोक्यावर आयपी ६५, आयपी ६७ असे आकडे ठळक छापलेले असतात आणि विक्रेताही त्यांच्यावरच बोट ठेवतो. पण ते आकडे धूळ आणि पाण्यापुरते आहेत. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालेल, एवढेच. मीठ आणि ऊन यांविषयी तो आकडा मूग गिळून बसतो. त्यासाठी एएसटीएम बी ११७ ही मिठाच्या फवाऱ्याची आणि एएसटीएम डी ४३२९ ही अतिनील किरणांची चाचणी झाल्याचा उल्लेख माहितीपत्रकात आहे का, हे पाहावे. आमच्या सध्याच्या स्पीकरच्या पत्रकात तो होता. दोन मोसमांनंतर जाळी थोडी पिवळसर पडली आहे. ओघळ मात्र अजून दिसलेला नाही.

तरीही खरे सांगायचे तर, केवळ गंजासाठी मी संच बदलला नसता. मोटारीचे स्पीकर स्वस्त असतात. दर दोन वर्षांनी नवी जोडी बसवली तरी हिशेब फारसा तोट्यात जात नाही, आणि तसे करणारे दोघे तरी माझ्या ओळखीचे आहेत. माझा निर्णय झाला तो स्पीकरमुळे नव्हे, तर त्या संचाच्या तोंडाला असलेल्या स्पर्शपडद्यामुळे.

मोटारीसाठीचे बहुतेक चांगले संच आता स्पर्शपडद्याचे असतात. आमचाही तसाच होता, सात इंची आणि दुकानात फारच देखणा दिसणारा. होडीवर पहिल्याच दिवशी लक्षात आले की दुपारच्या उन्हात त्यात स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही. त्यावर पुठ्ठ्याची झापड लावून वेळ निभावली. पण ओल्या बोटाला उपाय सापडला नाही. असा पडदा बोटाच्या स्पर्शाने होणारा विद्युतभारातला बदल ओळखतो. खारे पाणी वीजवाहक असल्यामुळे पडद्यावर ओलीचा पातळ थर बसला की बोट नेमके कुठे टेकले हे त्याला कळेनासे होते. होडीवर कोणाचे हात कोरडे असतात? नांगराचा दोर ओढा, मुलाला पाण्यातून वर घ्या, गळाला आमिष लावा, हात ओलेच. टॉवेलला पुसावेत तर तोही ओला. याहून विचित्र प्रकार म्हणजे, कधीकधी पडद्यावर उडालेला थेंबच बोटाचे काम करी. आवाजाच्या पट्टीवर पडलेला असाच एक थेंब मी डोळ्यांनी पाहिला आहे. होडी कलली तसा तो उजवीकडे सरकत गेला, त्याच्यामागून आवाज चढत गेला आणि आम्ही सगळे त्या थेंबाकडे बघत राहिलो.

इथपर्यंत हा विनोदच होता. जानेवारीतल्या एका दुपारी ओहोटी लागली असताना आम्ही संगमाच्या बाजूला निघालो होतो. नांगर मीच उचललेला असल्यामुळे कोपरापर्यंत ओला होतो आणि मागे मुलांसाठी गाणी लावलेली होती. समोरून येणाऱ्या होडीचा तांडेल हात वर करून काहीतरी सांगत होता. मी पडद्यावर बोट दाबले. काही झाले नाही. शर्टाला बोट पुसून पुन्हा दाबले. काही झाले नाही. तिसऱ्या वेळी गाणे बदलले आणि पुढचे गाणे आधीच्यापेक्षा मोठ्याने सुरू झाले. तोवर त्याची होडी जवळ आली होती. ‘‘ओ पावण्यांनू, वायच आवाज कमी करा ओ! पुढे रेती आसा!’’ हे वाक्य ऐकू येईपर्यंत आमची होडी वाळूवर टेकली होती. इजा कोणाला झाली नाही, इंजिनाच्या पंख्याच्या कडा तेवढ्या घासल्या. सरळ इंजिन बंद करावे, हे मला नंतर सुचले, आणि दोष पडद्यापेक्षा माझा अधिक होता हे मी मान्य करतो. पण त्या दिवसापासून त्या पडद्यावरचे माझे मन उडाले ते उडालेच.

सागरी संचाच्या तोंडावर मुठीत मावेल असा एक जाडजूड गोल खटका आहे. फिरवला की आवाज कमी-जास्त होतो, दाबला की एकदम बंद. हात ओला असो, वाळूने भरलेला असो, नजर समोरच्या पाण्यावर असो, तो चाचपडत सापडतो. माझ्या लेखी या संचासाठी मोजलेल्या जादा पैशांतले निम्मे त्या खटक्याचेच आहेत.

यावर कोणी म्हणेल की गोल खटक्याचे संच मोटारीसाठीही मिळतात. मिळतात, आणि मी दोन पाहिलेही. त्यांचा खटका बोटाच्या पेराएवढा असतो, त्याच्या दांड्याभोवती पाणी अडवणारे रबर नसते आणि मागची बाजू जाळीसारखी उघडी असते. ज्यांची होडी गोड्या पाण्यात, वर छत असलेल्या जागी चालते, त्यांना असा संच चालून जाईल आणि त्यांनी सागरी संचावर पैसे घालवू नयेत, असेच मी म्हणेन.

उलट, सागरी संच म्हणजे आपोआप खटका, असेही समजू नये. फ्यूजन ही या क्षेत्रातली जुनी न्यूझीलंडची कंपनी २०१४ मध्ये गार्मिन या दिशादर्शक यंत्रांच्या कंपनीने घेतली, २०२३ मध्ये स्पीकर बनवणारी जेएल ऑडिओही त्याच घरात गेली, आणि होडीच्या नकाशाच्या पडद्यावरूनच संगीत चालवण्याची सोय आता पुष्कळ ठिकाणी मिळते. मोठ्या होड्यांवर ती सोयीची असेलही. मला मात्र आगीतून निघून फुफाट्यात पडायचे नव्हते.

खर्चात मला पडलेला फरक सुमारे अडीचपट होता. त्यातला काही भाग वायरीचा आहे आणि तो मोटारीचाच संच ठेवला तरी करावा, असा माझा आग्रह आहे. साध्या तांब्याची वायर खाऱ्या हवेत आवरणाच्या आतूनही काळी पडत जाते. कल्हई केलेली, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्यावी आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवावा. स्पीकर आधी गुडघ्याच्या उंचीवर होते आणि अर्धा आवाज बसलेल्यांच्या पायांतच विरत असे. आता ते छताच्या नळीला, कानाच्या पातळीवर आणले आहेत. त्यासाठीच्या पट्ट्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलमधून करून घेतल्या. नेहमीच्या वापरातले ३०४ आणि हे ३१६ यांतला फरक चुंबकाने कळत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असते आणि मिठाला तेच पुरून उरते. कारखानदाराने रसायनाचा थेंब टाकून ते दाखवले, तेव्हाच मी मापे दिली. होकायंत्र असेल तर त्याच्यापासून स्पीकर दूर ठेवावेत, चुंबक त्याची सुई फिरवतो.

बॅटरीचा प्रश्न दोन्हींकडे आहे, पण सारखा नाही. आमचा जुना अॅम्प्लिफायर एबी वर्गाचा होता आणि ओढलेल्या विजेचा मोठा हिस्सा नुसत्या उष्णतेत घालवत असे. नवा डी वर्गाचा आहे आणि तासाभरानंतरही हाताला जेमतेम कोमट लागतो. नांगर टाकून, इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायची तर सरासरी ८ अँपिअर धरा. चार तासांत ३२ अँपिअर-तास झाले, आणि ६० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये, म्हणजे ती तिथेच संपली. अॅम्प्लिफायर कोणत्याही वर्गाचा असला तरी इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी ठेवावी, हे मी दोर ओढून ओढून शिकलो आहे.

सबवूफर मात्र बसवला नाही. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड होते आणि आवाज वर न उडता पाण्याच्या अंगाने वाकून दूरवर जातो; खाडीच्या पलीकडच्या पडवीतले बोलणे आम्हाला होडीत ऐकू येते, तेव्हा आमची गाणीही त्यांना ऐकू जात असणारच. त्या वेळी खटका डावीकडे दोन बोटे फिरवून ठेवतो.

नव्या संचाबद्दल माझी तक्रार एकच आहे. फोन खिशात ठेवून मागे बसले की ब्लूटूथ तुटते, कारण उघड्या पाण्यावर लहरी परतवणाऱ्या भिंती नसतात आणि मधल्या माणसांची शरीरे त्या शोषून घेतात. जुना संचही तेच करत असे, त्यामुळे याने तराजू कुठे झुकत नाही. आता फोन संचाशेजारच्या डब्यात ठेवतो. फेरीहून परतल्यावर गोड्या पाण्याने भिजवलेले फडके खटक्याभोवती फिरवावे लागते, नाहीतर मीठ धरून तो जड होतो.

जुना सात इंची संच गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये भिंतीला लावला आहे. तिथे तो कोरड्या बोटांनी उत्तम चालतो.